बांगडी छाप

"असंच सुचलं," शिवलिंग म्हणाला, आणि म्हणताच त्याला आपलंच बोलणं चुकल्यासारखं वाटलं. अंधाऱ्या जिन्यात अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. बाकी कुणाच्या ते लक्षात यायचं कारण नव्हतं. सोलापूरच्या त्या साबण कारखान्याच्या कचेरीत पाच माणसं बसली होती. मालक चन्नबसप्पा शेठ, तीन फिरते एजंट आणि विक्रीचं बघणारा शिवलिंग. एकोणीसशे एकोणपन्नासची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि दिवाळीतसुद्धा माल उठला नव्हता. मुंबईच्या साबणांच्या रंगीत वेष्टनांपुढं ह्यांचा पिवळा साबण दुकानांच्या फळ्यांवर मागं मागं सरकत चालला होता. "भिंती रंगवून झाल्या," शेठ बोटं मोजत म्हणाले होते, "टांग्यावर कर्णा लावून गावभर ओरडून झालं, सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर जाहिरातीची काच दाखवून झाली. तेच तेच किती दिवस करायचं? कुणाला काही नवीन सुचत असेल तर बोला, नाहीतर चहा पिऊन उठा." एजंट आपापल्या कपबशांकडं बघत राहिले. आणि शिवलिंगच्या तोंडून निघून गेलं की, बांगड्या भरणाऱ्या बायकांना आपला साबण फुकट द्यावा. बांगडी चढवताना हाताला फेस लावावाच लागतो. घरोघरच्या बाया त्या बांगडीवालीपुढं तासतासभर हात देऊन बसतात. तो फेस आपल्या साबणाचा असला तर वास हातावर राहील, आणि हा साबण कुठला, हे बाई स्वतःच विचारील. भिंतीवरची जाहिरात वाचायला बाई थांबत नाही, आणि एजंटाला कुणी माजघरात घेत नाही. शेठनी टेबलावर अशी थाप मारली की बशीत चहा सांडला. "अहो, हे कुठून काढलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं. आणि तो म्हणाला, असंच सुचलं.

संध्याकाळी घरी जाताना त्याला ते दोन शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत होते. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, रस्ता माणसांनी भरला, आणि त्या गर्दीत तो नेहमीपेक्षा हळू चालत होता. एजंटांपैकी एकानं पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, तुमचं डोकं म्हणजे काय, अप्पा. तो हसला होता. ते हसूही आता त्याला आठवत होतं, गालाच्या कातड्यासकट. घरी शरणम्मा जोंधळे निवडत बसली होती. शेठ खूश झालेत, पगार वाढवतील असं दिसतंय, असं त्यानं कोट काढता काढता सांगितलं. बायकोच्या हातातलं सूप थांबलं नाही. "कशावर खूश झाले?" तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, बांगडीवाल्या, फेस, हाताचा वास. सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली येत गेला, कारण सूप थांबलं होतं.

"हे तर हमिदाचाचींचं," शरणम्मा म्हणाली. "तुम्ही त्यांचं नाव सांगितलंत ना?"

तो कोट खुंटीला अडकवत राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही. सुपातला एक खडा उचलून तिनं दाराबाहेर टाकला आणि परत निवडायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या चाळीच्या दोरीवर कपडे वाळत होते, आणि साबणाचा धंदा करणाऱ्या माणसाच्या सवयीनं त्यानं त्यातला पांढरा किती पांढरा आहे हे आधी बघून घेतलं.

धाराशिवला पांढऱ्याचा रंग वेगळा होता. तिथं कशालाच इतकी घाई नव्हती. सरकारी कागदावर उस्मानाबाद, बोलण्यात धाराशिव, असं ते गाव, आणि गावाबाहेरच्या शेडमध्ये त्याची स्वतःची साबण शिजवायची कढई. बेचाळीस साली, हैदराबादला एका कारखान्यात दोन वर्षं साबण शिजवायला शिकून तो परत आला होता. वडिलांच्या किराणा दुकानात बसायचं नाही असं ठरवूनच आला होता. करडीचं तेल गावात होतं, खोबरेल सोलापूरहून यायचं, लढाईमुळं कॉस्टिक सोडा मिळायची मारामार, तरी तो मिळवायचा. चरबीचा एक थेंबही घालायचा नाही हा त्याचा हट्ट होता. त्यामुळं त्याचा साबण कुणाच्याच घरात नको म्हणण्यासारखा नव्हता. शिजलेला साबण लाकडी चौकटीत ओतायचा, घट्ट झाला की तारेनं कापायचा, महिनाभर सावलीत वाळवायचा, आणि मग एक वडी जिभेवर टेकवून बघायची. चुरचुरली, म्हणजे सोडा जास्त, तर सगळा घाणा परत कढईत. त्या शेडमधली सकाळ त्याला अजून नाकात जाणवते. उकळत्या करडीचा तो जड, किंचित कडसर वास, पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या काठ्या, आणि आपण काहीतरी नवं करतो आहोत असं वाटणारं चोवीस वर्षांचं शरीर. नाव ठेवलं होतं 'श्री महादेव साबण'. आठवडी बाजारात त्यानं मोठा फलक लावला, वरच्या ओळीत उर्दू, खाली मराठी, मध्ये केस सोडलेल्या बाईचं चित्र. फलकाशेजारी मामाचा ग्रामोफोन ठेवला. माणसं जमली, पुरुषच सगळे. तासभर गाणी ऐकली, चित्रातल्या बाईकडं बघून घेतलं आणि उठून गेली. वड्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

त्याच वर्षी, लग्न होऊन शरणम्मा घरी आली होती. तिला बांगड्या भरायला हमिदाबी आली. बेंबळी गावची मनियार, पिढीजात बांगड्या भरणारी, पंचेचाळिशीची, उंच, तोंडात सदा सुपारी. डोक्यावर टोपली, खांद्यावर बांगड्यांच्या माळा, आणि मागं दोन पावलं तिचा नवरा दादामियाँ, मालाची पेटी घेऊन. त्या दिवशी तिच्याजवळचा साबण संपला होता. शरणम्मानं आतून शिवलिंगच्या साबणाची वडी आणून दिली. हमिदाबीनं फेस केला, वास घेतला, शरणम्माचा हात आपल्या हातात घेऊन बोटांची चुंबळ करून दाबला आणि बांगडी अशी सरकन वर चढली की शरणम्माला कळलंही नाही. हमिदाबी थांबली. वडी तिनं उलटी-सुलटी करून पाहिली.

"ह्यो कुणी केला?"

"ह्यांनी," शरणम्मा लाजत म्हणाली. शिवलिंग ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसला होता, वाचत नव्हता.

"अप्पा," ती त्याला म्हणाली, "साबण लई चांगला हाय. पर ह्यावर देवाचं नाव का टाकलंव? बाई आंग धुती, पाणी मोरीत जातं. महादेवाला मोरीत कोण सोडंल? म्हणून तर कुणी घीना तुमचा."

त्याला हे कधीच सुचलं नव्हतं. चार महिने त्यानं रंगाचा, वेष्टनाचा, फलकाचा विचार केला होता. तो चिडल्यासारखं म्हणाला, मग काय नाव ठेवू? ती हसली. "नाव कशाला? आमास्नी वाचता येतंय व्हय? नवऱ्याला बाजारातून आणायला सांगायचं, तर काय म्हणून सांगायचं?" आणि तिनं टोपलीतली एक साधी काचेची बांगडी काढली, ओल्या वडीवर ठेवली आणि तळव्यानं दाबली. उचलली तेव्हा वडीवर एक गोल उमटला होता. "हे घ्या," ती म्हणाली. "बांगडी छाप."

तो गोल. त्याच्या आधी आणि नंतर त्याला आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, पण इतक्या सहज, हातावरच्या पाण्यासकट कुणी काही दिलं नव्हतं. आठवड्याभरात त्यानं सुताराकडून लाकडी शिक्का करून घेतला. पुढच्या फेरीला चाची दोन डझन वड्या घेऊन गेली. त्यानं विचारलं, विकणार कशा? ती म्हणाली, "म्या कुठं इकते? म्या हात धुते. इचारलं तर सांगते." आणि विचारायला लागल्या. बेंबळीच्या, तुळजापूरच्या, पार सास्तूरकडच्या बायका नवऱ्यांना सांगायला लागल्या, बांगडी छाप आणा. दुकानदार धाराशिवला निरोप पाठवू लागले. त्याला गंमत वाटायची ती ह्याची की, ह्या सगळ्यात कुणीच कुणाला काही ओरडून सांगितलं नव्हतं. हजारो घरांच्या आत, जिथं तो जन्मात पाऊल टाकू शकला नसता, तिथं त्याचा साबण एका बाईच्या तळव्यातून दुसऱ्या बाईच्या मनगटावर गेला होता.

ती पाच वर्षं त्याला आता एकाच लांब दुपारसारखी आठवतात. शेडसमोर कडुलिंब होता, त्याखाली चाची आणि दादामियाँ फेरीवरून येताना टेकायची. शरणम्मा गूळ घातलेला चहा पाठवायची. मग बोलणं निघायचं, आता काय नवीन करायचं? चाचीच्या डोक्यात विचार उगवायचे ते गावोगावच्या माजघरांतून. नवरीच्या हिरव्या चुड्याबरोबर एक वडी द्या, सासरी गेली की ती तिथं मागंल. मोठी वडी गरिबाला परवडत नाही, अर्धी कापून ठेवा. पंचमीच्या आधी महिनाभर माल जास्त शिजवा, तेव्हा प्रत्येक पोर हात भरती. हे सगळं चाललं. दादामियाँना मात्र एकदाच एक युक्ती सुचली. मितभाषी माणूस, दाढीवर हात फिरवत म्हणाला, दहा वड्यांमागं एका वडीच्या पोटात बांगडी घालू, जिला सापडली तिची. शिवलिंगला ती इतकी आवडली की त्यानं घाणाभर साबणात बांगड्या घातल्या. साबण वाळताना आक्रसला आणि आतल्या बांगड्या टिचल्या. चाचीनं एक वडी फोडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "फुटकी बांगडी बाईच्या घरात धाडताव? दोघं मिळून गावोगावची दारं बंद करताव का मला?" सगळा साबण परत वितळवून फडक्यानं गाळावा लागला. दादामियाँ दिवसभर काचा वेचत होते आणि मध्येच खुदकन हसत होते. ते हसणं. पांढऱ्या दाढीच्या माणसाचं, चूक केलेल्या पोरासारखं. ते आठवलं की सोलापूरच्या खिडकीशी उभ्या असलेल्या शिवलिंगला पुढचं आठवायचं नसायचं, आणि मग तेच आठवायचं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामाचं राज्य राहणार की जाणार ह्याची खात्री कुणालाच नव्हती. रस्ते बंद झाले होते, ओळखीची माणसं रातोरात सोलापूरकडं निघून गेली होती. एका सकाळी निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली चार माणसं शेडवर आली. पैसे मागितले, मग तो कुणाला मदत करतो ते विचारू लागली. चाची तेव्हा कडुलिंबाखाली बांगड्या ओवत होती. ती उठली, टोपलीसकट येऊन शेडच्या उंबऱ्यावर आडवी बसली. "ये मेरे घर का है," ती म्हणाली. "इसको हात लगाना है तो पैले मेरी बांगड्यां फोडो." आवाज चढवला नाही. चौघं थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. ती परत झाडाखाली जाऊन ओवायला बसली. शिवलिंगनं तिला पाणी आणून दिलं, ते तिनं एका दमात संपवलं.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. धाराशिवात पेढे वाटले. त्यानंही वाटले. मग पुढच्या आठ-दहा दिवसांत खेड्यापाड्यांतून मुसलमानांवरच्या सुडाच्या ज्या बातम्या येऊ लागल्या त्या लोक हलक्या आवाजात सांगत आणि दुसऱ्याच विषयावर जात. दादामियाँ सास्तूरकडून माल घेऊन परत येत होते, ते आलेच नाहीत. चौथ्या दिवशी एका विहिरीजवळ सापडले. कुणी केलं, हे कुणी सांगितलं नाही. शिवलिंगनं विचारलंही नाही. बेंबळीला जायचं, जायचं म्हणत महिना गेला आणि एक दिवस चाचीच दारात आली. टोपली होती. माळा होत्या. तिचे स्वतःचे हात मोकळे होते, मनगटापासून कोपरापर्यंत, आणि त्याची नजर तिथंच खिळली, तोंडाकडं जाईना.

"अप्पा, दारं बंद झाली," ती म्हणाली. "ज्या बायांना म्या परकराच्या असताना पयली बांगडी भरली, त्या आतून न्हाय म्हणत्यात. मला पैसा नको. तुमी एक दिस माझ्या संगं चला. दोन गल्ल्या. नुसतं बाजूला उभं ऱ्हावा. लोक बघत्याल, धाराशिवचे अप्पा संगं हायेत म्हणून. पुढचं माझं मी बघते."

तो म्हणाला, "चाची, जरा दिवस निवळू द्या." आणखी काहीतरी म्हणाला, लोकांची डोकी सध्या ठिकाणावर नाहीत, मला इथं धंदा करायचाय, असं. ती ऐकत होती. "व्हय," म्हणाली. शरणम्मा आतून धावत आली, उंबऱ्यात बसली आणि आपला हात तिच्यापुढं धरून म्हणाली, मला भरा. चाचीनं त्या हाताची फक्त पाठ थोपटली. "आज नगं, अक्का." गेली. तिच्या पाठीकडं बघताना त्याला वाटलं होतं, उद्या जाऊ बेंबळीला. उद्या जाऊ, असं त्याला पुढं पुष्कळ दिवस वाटत राहिलं. तोवर दुकानदारांचे निरोप थांबले होते. माजघरात साबण नेणारं कुणी उरलं नव्हतं. लोकांनी विचारलं तर तो म्हणायचा, कॉस्टिक मिळत नाही. पुढच्या संक्रांतीच्या आत कढई पालथी घालून तो सोलापूरला नोकरीला आला.

त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कचेरीत शेठ एकटेच होते तेव्हा तो उभ्यानंच बोलला. "काल मी बोललो ते मला सुचलेलं नाही. बेंबळीच्या एका मनियार बाईचं आहे ते. हमिदाबी नाव. तिच्यामुळंच माझा साबण चालला होता." एवढं बोलायला त्याला रात्रभर जागावं लागलं होतं. शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं मग?" ते म्हणाले. "कुणाचं का असेना, आहे नामी. असं करा, त्या बाईलाच घेऊन या. जिल्ह्यातल्या सगळ्या बांगडीवाल्या तिच्या हाताखाली देऊ. पगार देऊ." आणि दोन डझन वड्यांचं खोकं बांधून दिलं. त्यानं मनात इतकं खोल जाऊन जे उपसून आणलं होतं, ते शेठच्या लेखी एका खोक्याएवढं होतं.

तुळजापूरमार्गे मोटार निघाली. मध्ये निजामी हद्दीचा नाका लागायचा, जिथं पूर्वी प्रत्येक पोतं उघडून दाखवावं लागे. आता तिथं कुणी नव्हतं, आडवा बांबू उभा करून भिंतीला टेकवला होता आणि त्यावर शेळ्या अंग घासत होत्या. घाट चढताना गार वारा लागला. बाजूला बसलेल्या म्हातारीच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि मोटार हादरली की त्या वाजत होत्या. काय बोलायचं हे तो जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य शेठच्या खोक्यापाशी येऊन अडत होतं. पगार देऊ. पगाराचं आधी सांगावं की नंतर? की आधी दादामियाँचं विचारावं? विचारावं म्हणजे काय? धाराशिवला उतरून त्यानं बैलगाडी केली. बेंबळीच्या शिवारात ज्वारी कमरेएवढी झाली होती. दिवस डोक्यावर यायच्या आत तो तिच्या अंगणात उभा होता.

ती कुणाला तरी बांगड्या भरत होती. केस पांढरे झाले होते, उंची तेवढीच वाटत होती. समोर शेजारची नागूबाई, शेतकऱ्याच्या घरची जाडजूड बाई, हात पुढं करून बसलेली. मध्ये वाटीत रिठ्याचा फेस.

"या," हमिदाबी म्हणाली. आश्चर्य नाही, राग नाही. "बसा. चारच ऱ्हायल्यात."

"कोण वो हे, हमिदाबी?" नागूबाईनं विचारलं.

"सोलापूरचे हायेत. साबणाच्या कारखान्यात."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तो बाजेच्या कडेला बसला. उत्तर तसंच हवेत राहिलं आणि त्याला आपण खरोखरच कुठले तरी पाहुणे आहोत असं वाटायला लागलं, ज्यांना ह्या घरात मडकं कुठं असतं हे माहीत नसावं. पाणी तिनंच दिलं. मग त्यानं खोकं उघडलं, कारण दुसरं काय करावं हे त्याला कळेना, आणि शेठचा निरोप सांगितला. पगाराचंही सांगितलं. ऐकता ऐकता तिनं एक वडी उचलली. आपल्या मोकळ्या मनगटावर पाणी घेतलं, वडी घासली, फेस केला आणि हात तसाच धरून बसली. नागूबाई बघत होती. थोड्या वेळानं हमिदाबीनं मनगट धुतलं. सुरकुतलेल्या कातडीवर लाल पट्टा उठला होता.

"ह्यो तुमी न्हाय केला."

"नाही. मी तिथं विक्री बघतो."

"सोडा लई हाय ह्यात. बाईचा हात आधीच कामानं चिरलेला असतोय. ह्यो लावला तर आग व्हईल." तिनं वडी खोक्यात परत ठेवली, नीट, तिच्या जागी. "त्यास्नी सांगा, फुकट बी नगं."

शिवलिंगनं ती वडी घेतली आणि जिभेवर टेकवली. चर्र झालं. डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर तो हा साबण विकत होता, ह्याच्यासाठी युक्त्या शोधत होता, आणि एकदाही त्यानं तो जिभेला लावला नव्हता. लावला असता तर कळलं असतं, म्हणूनच लावला नव्हता. तोंड पुसून तो म्हणाला, "चाची, मी तिथं आधी तुमचं नाव सांगितलं नाही. मला सुचलं म्हणालो."

"त्यात काय येवढं? साऱ्या गावातनं गोळा केल्यालं बोलणं ते. माझं तरी कुठं व्हतं?"

त्यानं वडी खोक्यात परत ठेवली. ती त्याच्याकडं बघत होती. आत काहीतरी अजून आहे हे तिला दिसत होतं, आणि ते त्यानंच बाहेर काढावं म्हणून ती थांबली होती.

"त्या दिवशी मी तुमच्याबरोबर आलो नाही," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "न्हाय आलाव."

अंगणात कोंबडी खुडबुडत होती. नागूबाईनं पुढं केलेला हात तसाच होता. हमिदाबीनं तो पुन्हा घेतला, बोटं जुळवली, दाबली. "म्या एकटीच गेले. म्हैनाभर गेले. आडाजवळ बसायचे माळा मांडून. बाया पाणी न्यायच्या, माझ्याकडं बघायच्या न्हायत. बघितलं तर रडू येईल म्हणून बघत नसत्याल, असं म्या मनाला सांगायचे."

"रडूच येत व्हतं," नागूबाई एकदम म्हणाली. "आमी बी दार लावूनच बसलो व्हतो की. घरचे जाऊ देत नव्हते, आणि आमी बी म्हणत व्हतो, बरं झालं जाऊ देत न्हायत. मग लेकीचं लगीन निघालं. दुसरी बांगडीवाली आणली घरच्यांनी. पोरीनं हात मागं घेतला. म्हणली, हमिदाबीच्याच हातानं भरीन. मग गेले म्या आडावर." तिनं मोकळ्या हातानं पदर डोळ्यांना लावला. "काय म्हणायचं, ते बी कळंना. नुसती टोपली उचलली हिची."

शिवलिंगनं मान वर केली. "मी आता चलतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "कुठंही. आज, उद्या."

"आता कशाला?" हमिदाबीनं विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, खरंच विचारत होती. "आता दारं उघडी हायेत. मला पायजे व्हतं ते तवा."

त्याला वाटलं होतं की, आपण केव्हाही आलो तरी ती जागा आपली वाट बघत रिकामी असेल. ती रिकामी नव्हती, तिथं नागूबाई बसली होती. आपल्याला माफ केलं की नाही हेही त्याला कळेना, आणि विचारायचा धीर नव्हता. तो नागूबाईकडं वळला, कारण तिच्याकडं बघून बोलणं सोपं होतं. "बाई, मी सोलापूरचा नाही," तो म्हणाला. "धाराशिवचा. बांगडी छाप साबण माझा होता. म्हणजे शिजवायचो मी. चालवला ह्यांनी. माझा जीव पण ह्यांनीच वाचवला एकदा, उंबऱ्यात बसून. आणि मी घाबरलो." एवढं बोलल्यावर त्याला पुढचं वाक्य ऐकू आलं, आपल्याच आवाजात. "मी पुन्हा शिजवीन. करडीचा."

हमिदाबीनं शेवटची बांगडी चढवली, नागूबाईचा हात वळवून पाहिला, फडक्यानं पुसला.

"कुठं शिजवणार?"

"धाराशिवला. शेड आहे अजून. कढई आहे."

"आणि नोकरी?"

"सोडीन."

"अक्काला इचारलंय?"

"विचारीन."

नागूबाई खळखळून हसली. हमिदाबी हसली नाही, पण तिनं सुपारी काढली, कातरली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी त्याच्यापुढं केली. त्यानं घेतली. गाडीवाला बाहेरून हाका मारत होता, बैल ताटकळलेत म्हणून. शिवलिंगनं खोकं काखेत मारलं आणि उठला. दारापर्यंत ती आली नाही. पुढचं गिऱ्हाईक अंगणात येऊन बसलं होतं, एक सासू आणि तिच्यामागं नवी सून, हात पदरात लपवून. हमिदाबीनं वाटीत नवं पाणी घेतलं, रिठे चुरले, आणि तो कोपऱ्यावर पोचता पोचता मागून हाक आली.

"आणाल तवा मंगळवारी येऊ नगा. मंगळवारी म्या तुळजापुरात असते."

तो थांबला. "मग बुधवारी?"

"बुधवारी या," ती सुनेचा हात आपल्या हातात घेत म्हणाली. "पर सकाळच्याला. ऊन झाल्यावर हात सुजत्यात, बांगडी नीट चढत न्हाय."